मोबाईलवरचा कॅरम

शहराच्या सी-स्कीम भागातल्या ऑफिसात मी मोबाईलसाठी कॅरमचा गेम बनवत होते, आणि तो पुरा होण्याआधीच बाबांनी अख्ख्या रेल्वे कॉलनीला सांगून टाकलं होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत खऱ्या कॅरमचं बक्षीस दर वर्षी त्यांचंच. त्यामुळे पोरीने कॅरमच बनवावा याचं त्यांना कोण कौतुक! त्या वर्षी आरतीनंतर त्यांनी चक्क सामना लावला. बाबांच्या हातात त्यांचा जुना, साधा फोन. समोर विमा कंपनीतले काका, त्यांचा नवाकोरा महागडा. दोन्ही फोनवर मीच गेम टाकून दिला आणि मिरवत शेजारी बसले.

काकांचा स्ट्रायकर सटासट जात होता. बाबांचा मात्र बटण तेवढंच दाबूनही अर्ध्या वाटेत थांबायचा.

"काय हो, आज झालंय काय तुम्हाला?" काका हसले.

मला चूक तिथल्या तिथे कळली होती. फोन जितक्या वेळा स्क्रीन नव्याने रंगवेल तितकी पावलं स्ट्रायकर पुढे सरकायचा, पण थांबायचा मात्र घड्याळाप्रमाणे. मंद फोन रंगवणार कमी वेळा, मग स्ट्रायकर पोचणार कसा? ऑफिसात आम्ही एकाच भारी फोनवर खेळून बघायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. मोठे शहाणे!

"काका, बाबांचं नाही चुकत," मी उभी राहून म्हणाले. "गेमच चुकलाय. मी चुकीचा लिहिलाय."

"मतलब? मग इतके महिने केलं काय?" मागून कुणीतरी विचारलं. लाजेने माझी मान वर होईना.

"छे हो, गेम एकदम बरोबर आहे," बाबा म्हणाले. "ती आपली मला सांभाळून घेतेय. माझाच हात हल्ली थरथरतो." आणि त्यांनी हात पुढे करून थरथरवून दाखवलाही. त्यांचा हात कधीच थरथरत नव्हता. सगळ्यांना ते पटलं. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, पण माझं कुणी ऐकलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेम मी पुढच्या आठवड्यात दुरुस्त केला. सरकणं आणि थांबणं, दोन्ही घड्याळावर आणलं.

पुढच्या गणपतीत मंडळाने बाबांना कॅरमचे पंच केलं. "आता आराम करा," म्हणाले. बाबा बोर्डाशेजारी खुर्ची घेऊन बसले. चहा आला, आणि सगळे बघतायत हे पाहून त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.