फलटणच्या पुढे एक परण्या

"आवं पावनं, त्ये गुणगुणणं बंद करा, न्हाईतर आदर्कीच्या घाटात उतरवीन!"

कंडक्टर माझ्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता. सातारा-फलटण गाडी वाठार सोडून घाटाकडे निघाली होती. "तुमच्यापायी माझा चिमटा तालात वाजाय लागलाय. त्या म्हातारीच्या तिकिटाची पार चाळण झाली!" खरेच, मागच्या बाकावरची म्हातारी तिकीट डोळ्यांपुढे धरून त्याच्या भोकांतून डोंगर बघत होती.

दोष माझा नव्हता. सकाळी साताऱ्यात स्टँडसमोर चहा घेत होतो. शेजारी एक निवृत्त हवालदार बशी फुंकता फुंकता पलटणीतली कसलीशी चाल शिट्टीवर वाजवत होता. साताऱ्यात कुठेही खडा मारा, तो निवृत्त फौजीलाच लागतो आणि सलाम ठोकून परत येतो. ही चाल मात्र मला लागली ती राहिलीच. तिला शेवट नव्हता. शेवटचा सूर परत पहिल्या सुराच्या मांडीवर जाऊन बसायचा. कोकणातून देशावर भटकायला येताना मी आईने दिलेला मेथीचा लाडू आणि दोन सदरे एवढेच सामान आणले होते. आता हे ओझे वाढले.

"असू द्या, कंडक्टरसाहेब," शेजारचा गृहस्थ म्हणाला. हे इलाहीभाई, सांगलीचे बँडमास्तर, साताऱ्यातले एक लग्न वाजवून पुढच्या लग्नाला निघालेले. ढोल-ताशे टपावर, माणसे मागच्या बाकांवर आणि क्लॅरिनेट त्यांच्या मांडीवर दुलईत गुंडाळलेले. "अडकलेली चाल वाजवूनच काढाय लागती. दाबली की नको तिथं भाईर पडती."

त्यावरून आवडत्या गाण्यांची गोष्ट निघाली. मी नाट्यसंगीताचा कैवार घेतला. आमच्या गावी एका गवयाची तान संपेपर्यंत विंगेत ठेवलेल्या दुधाचे दही झाले होते, हेही सांगितले. कोणी हरकत घेतली नाही.

कंडक्टर खाली वाकला. "आपल्याला लावणी. पर हळू बोला, म्होरच्या शिटावर आमचं सासरं हायती."

सासऱ्यांनी मागे न वळताच विचारले, "कुठल्या फडाची?"

"आन तुम्हाला, इलाहीभाई?" कंडक्टरने घाईने विषय बदलला.

"भैरवी. भैरवी वाजली म्हंजी काम निपटलं, आता जेवायचं." एवढे बोलून त्यांनी दुलई सारखी केली. पण त्यांची बोटे क्लॅरिनेटवर हलत होती आणि ती माझीच चाल होती. रोग लागला होता.

फलटणला गाडी बदलली. साखर कारखान्याच्या वासातून बाहेर पडलो, ऊस संपला आणि म्हसवडच्या वाटेवर माणदेशाचे दगड सुरू झाले. तिकडे दगड एवढे की कोंबडी अंडे घालते तेही लोक ठोकून बघतात. वाटेतल्या एका गावात सुभेदारांच्या थोरल्या मुलीचे लग्न होते आणि इलाहीभाईंना तिथेच वाजवायचे होते. "चला की जेवायला," ते म्हणाले. लग्नाचे जेवण टाकून पुढे जाणे आमच्या घराण्यात बसत नाही. मी उतरलो.

सुभेदार वेशीतच उभे होते. मिशा अशा की दोन्हीकडे एकेक पंचा वाळत घालावा. त्यांनी इलाहीभाईंना बजावले, "गोरज मुहूर्त हाय. परण्या येळेत मंडपात पायजे. चुकला, तर ह्या गावात फुडं तुमचा ब्यांड न्हाई." परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवरून मारुतीच्या दर्शनाला नेऊन, वाजतगाजत मंडपात आणायची मिरवणूक. सुभेदारांच्या आणखी दोन मुली लग्नाच्या होत्या आणि गाव त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. इलाहीभाईंनी बोटांवर लग्ने मोजली.

मी जेवून घेतले. बाजरीची भाकरी आणि वांग्याचे कोरड्यास (पातळ कालवण). ते इतके तिखट की पहिल्या घासाला मला आमचा समुद्र दिसला.

उन्हे उतरताना परण्या मारुतीपासून निघाला. पुढे बँड, मागे निम्मे गाव आणि त्यातले बहुतेक पटकेवाले निवृत्त फौजी. सगळ्यांमागे घोडीवर नवरदेव. इलाहीभाईंनी देवाचे गाणे छान उचलले. मंडप दिसू लागला. त्यांनी डोळे मिटले, श्वास घेतला आणि क्लॅरिनेटमधून साताऱ्याची ती चाल बाहेर पडली.

मागे पटकन पावले जुळली. माना ताठ, हात खांद्यापर्यंत. मंडप आला आणि गेला. दारात आरतीचे ताट घेऊन उभ्या बायका बघतच राहिल्या.

"इलाहीभाई, थांबा!" मी धावत ओरडलो.

क्लॅरिनेट क्षणभर तोंडातून काढून ते म्हणाले, "कसं थांबू गड्या? हिला शेवट कुठाय? आन थांबलो तर मागली पलटण अंगावरनं जाईल!"

पांदीतून, खळ्यातून, ज्वारीच्या रानाकडे सगळी फौज निघाली. नवरदेव घोडीवरून "मामा, मंडप मागं ऱ्हायला!" म्हणून ओरडत होता. मामा पन्नाशीचे होते, पण त्या घडीला ते सरहद्दीवर होते. मला तर वाटले, हे लग्न आता विजापुरात लागते. सूर्य टेकडीला टेकला.

तेवढ्यात सुभेदार ढेकळांतून धावत आले. मुठीत अक्षता तशाच. त्यांनी छाती भरून आवाज टाकला, "परेऽड, थम!"

एका टाचेवर सगळे थांबले. बँडसुद्धा.

"पीछे मुड! तेज चल!"

सगळे वळले. घोडीही वळली. ती तर कधी फौजेत नव्हती. आता नवरदेव सर्वांपुढे, बँड सर्वांमागे, आणि वाजवायला कुणात दम नव्हता. नुसत्या पावलांच्या आवाजावर परण्या मंडपात शिरला. भटजी अंतरपाटाचे एक टोक धरून, दुसरे दातांत घेऊन उभे होते. मुहूर्त जेमतेम गाठला. मग सुभेदारांनी इलाहीभाईंना मंडपामागे बोलावले.

दुसऱ्या दिवशी विट्यावरून सांगलीची गाडी धरली. माझे डोके रिकामे होते, चाल कुठेतरी ज्वारीत राहिली असावी. आपण गाणे निवडतो असे आपल्याला वाटते. माझा अनुभव असा की गाणे माणूस निवडते आणि त्याच्या अंगावर बसून तालुके ओलांडते. हा विचार मी इलाहीभाईंना ऐकवला. त्यांनी ऐकला नाही. तासगाव गेले, द्राक्षांचे मांडव गेले, तरी ते खिडकीबाहेरच बघत होते. अखेर मी विचारलेच, "काय म्हणाले हो सुभेदार?"

"डाव्या रांगेचं पाऊल चुकत हुतं म्हनलं. मधलीच्या लग्नाला आदल्या दिशी बोलावलंय, तालमीला."