दुसरी वेलांटी

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं प्रुफं तपासली. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. नजर कडांकडून आत आटत आली. आधी पानाचे समास दिसेनासे झाले, मग ओळींची टोकं, आणि शेवटी एका वेळी एकच शब्द दिसायचा. तोही गेला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. लोकांना वाटायचं, हिला माणसांचे चेहरे बघावेसे वाटत असतील. वाटायचेच. पण खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त एक छापील पान हवं होतं. चुकांनी भरलेलं, टेबलावर सरळ पसरलेलं, वरपासून खालपर्यंत माझं असलेलं पान.

अंधांच्या एका प्रशिक्षण वर्गात मी संगणक शिकले, थोडंफार ब्रेलही शिकले. तिथले सगळे संगणक विंडोजऐवजी लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर चालायचे, त्यामुळे बोटांना त्याचीच सवय झाली. दोन वर्षांनी छापखान्याच्या मालकांचा फोन आला, "कागद नाही, पण फाइल पाठवली तर बघाल का?" मी 'हो' म्हणून मोकळी झाले. घरात लॅपटॉप नव्हता हे फोन ठेवल्यावर आठवलं.

वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी एक पेनड्राइव्ह दिला. तो लावला की कुठल्याही लॅपटॉपवर लिनक्स सुरू व्हायचं. त्या म्हणाल्या, "विकत घ्यायच्या आधी हा लावून बघायचा. आवाज आला नाही तर दुकानदार काहीही सांगो, उठायचं. आवाज नसेल तर तुमच्यासाठी ती नुसती पेटी."

मी आणि मिस्टर घराजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच लॅपटॉप पुढे सरकवला. "हा बघा. याचा स्क्रीन असा आहे, की बघतच राहाल."

"ती बघणार नाही," मिस्टर म्हणाले. "ऐकणार आहे."

पेनड्राइव्ह लावला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, सुरू करायला मी तीन कळा एकदम दाबल्या. काही नाही. पुन्हा दाबल्या.

"चालू झालाय की, सगळं दिसतंय," दुकानदार म्हणाला.

"मला ऐकू येत नाहीये."

दुसराही तसाच, तिसराही. एकदम नवे, पातळ, हाताला गुळगुळीत लागणारे आणि मुके. विंडोजवर ते छान बोलत होते, लिनक्सला मात्र त्यांच्यातलं आवाजाचं यंत्र ओळखता येत नव्हतं. "मॅडम, लॅपटॉप हवाय की रेडिओ?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, "बोलेल तो द्या, नाव काहीही ठेवा." तो हसला नाही, पण आत गेला आणि कुठल्या तरी ऑफिसने काढून टाकलेला एक जुना, जाड लॅपटॉप घेऊन आला. मी हात फिरवला. कळा खोल होत्या, एकमेकींपासून सुट्या. हेडफोन लावायचं भोक डाव्या हाताला, आवाज कमी-जास्त करायला वेगळी बटणं. तीन कळा दाबल्या आणि एका कोरड्या, यंत्री आवाजाने पडद्यावरचा पहिला शब्द उच्चारला.

"बोलला!" दुकानदारच आधी ओरडला.

दुसऱ्या दिवशी फाइल आली. पहिल्या पानावर 'दिन' आला. दिवस या अर्थी 'दिन' की गरीब या अर्थी 'दीन'? दोन्ही सारखेच ऐकू येतात. एकेका अक्षरावर थांबून विचारलं तर यंत्र वेलांटी पहिली की दुसरी ते सांगायचं, पण असं दीडशे पानांचं पुस्तक कधी संपायचं? कानाला चूक कळत नाही. मी लॅपटॉप मिटला. इतकी वर्षं ज्या वेलांट्या मी चालता चालता दुकानांच्या पाट्यांवरसुद्धा पकडल्या, त्या आता माझ्यासमोरून बिनधास्त निघून जात होत्या.

बाईंना सांगितलं, तर त्यांनी कात्रजला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांचा पत्ता दिला. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्याकडे गेले. सर जन्मापासून अंध. त्यांच्याकडे ब्रेल डिस्प्ले होता. ही एक पट्टी असते. ती संगणकाला जोडली, की पडद्यावरची ओळ बारीक टाचण्यांनी ब्रेलमध्ये उमटते. ब्रेलमध्ये दोन्ही वेलांट्या वेगळ्या लागतात.

"नवा घेऊ नका एकदम," सर म्हणाले. "लिनक्सला कुठला चालेल, ते लावल्याशिवाय सांगता येत नाही. आधी माझा जुना लावून बघा."

त्यांनी स्वतःच वायर जोडली. टाचण्या हलल्या नाहीत. मला दुकानच आठवलं. "थांबा, घाई नको," म्हणत त्यांनी मला लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. सुरू होताना सुपात ज्वारी पाखडावी तसा आवाज झाला आणि माझ्या बोटाखाली टिंबं उभी राहिली. मी फाइल उघडून तो शब्द शोधला. हळू हळू, एकेक अक्षर. द. मग वेलांटी. पहिली! वाक्य गरिबाविषयी होतं.

"चूक आहे सर," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

सरांनी तो डिस्प्ले मला वापरायला दिला. ते पुस्तक मी चार महिन्यांत पुरं केलं. पूर्वी आठवड्याचं काम होतं. मालकांनी दुसरं पाठवलं, जरा लहान. पट्टीवर एका वेळी ओळीचा तुकडाच मावतो, आणि अख्ख्या पानाची भूक काही भागत नाही.

अजूनही मी कात्रजला जाते, वाचनाचा वेग वाढवायला. परवा सर अचानक म्हणाले, "ताई, तुम्ही अक्षरं पाहिलीत. छापलेला ळ दिसतो कसा?"

मी त्यांचा तळहात हातात घेतला आणि बोट टेकवलं. मलाच पटकन आठवेना. पहिला गोल काढला, अडखळले, तो पुसल्यासारखं करून पुन्हा काढला, मग शेजारी दुसरा.

"एवढा गोल असतो?" सर म्हणाले. "पुन्हा काढा बरं."