कानाला लावलेलं मशीन

मशीन चालू केलं की काकू ते आधी कानाला लावायच्या. कानाच्या मागे, हाडाला टेकवून. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली. नवीन माणसाला वाटावं, बाईंना गावाकडून फोन आला आहे. मग डोळे उघडून त्या निकाल द्यायच्या. "उपाशी आहे गं ही." किंवा, "हिला आज फार घाई झालीय." उपाशी म्हणजे करंट कमी पडतोय. घाई म्हणजे जास्त झालाय.

टॅटूचं दुकान तुम्ही पाहिलं असेल. काळ्या भिंती, मोठ्याने लावलेली गाणी, दंडभर चित्रं मिरवणारी मुलं. पण तिथे सुती साडीचा पदर खोचून, चष्मा नाकावर ओढून बसलेली पन्नाशीकडे झुकलेली बाई बहुधा पाहिली नसेल. आमच्याकडे होती. दिल्लीत, सफदरजंगच्या मागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.

काकूंचे यजमान फौजेत हवालदार होते. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये काकू शिवणकाम करायच्या. वर्दीवरच्या नावाच्या पट्ट्या, पडदे, उशांचे अभ्रे. आमच्याकडे त्या खुर्च्यांची कव्हरं शिवायला म्हणून आल्या होत्या. तेव्हा आमचे सर, म्हणजे दुकानाचे मालक, एका थरथरणाऱ्या मशीनशी झगडत होते. काकूंनी मागे उभं राहून थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "साब, खोलके दिखाओ." सरांनी गंमत म्हणून उघडून दाखवलं. काकूंनी वाकून आत पाहिलं. "ये तो सिलाई मशीन है."

त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. या मशीनमध्ये एक छोटी मोटर गरगर फिरते. तिच्या टोकाला एक चकती, आणि चकतीवर मध्य सोडून बसवलेली पिन. पिन मध्यापासून जितकी लांब, तितकी सुईची वरखाली उडी लांब. सरांकडे अशा चकत्या एका मगमध्ये पेनांबरोबर पडलेल्या असायच्या. काकूंनी त्या बॉबिनच्या डब्यात लावल्या, लांब उडीच्या वेगळ्या, आखूड उडीच्या वेगळ्या. पुढच्या सोमवारपासून रोज सकाळी मशीनं लावून देणं हे त्यांचं काम झालं.

मी तेव्हा तिथे शिकत होते. आर. के. पुरममध्ये राहायचे, घरी सांगितलं होतं की डिझाइनचं काम आहे. आठ महिने मी कागदावर चित्रं काढत होते आणि रबरी कातडीवर सुई चालवत होते. जिवंत माणसाला हात लावला नव्हता. हात वाईट नव्हता, हिंमत नव्हती. कोणी बोललं तर मी इंग्रजीत थोडक्यात उत्तर द्यायचे आणि पुन्हा कागदात डोकं घालायचे.

काकूंनी मला माझ्या डब्यावरून ओळखलं. थालीपीठ होतं. "आपली ना गं तू?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा पुढे केला तर मी म्हणाले, नको, मी केलं खाऊन आले.

"काय केलंस?"

"केलं."

"अगं पण काय?"

शेवटी मी हाताने सोलून दाखवलं. काकू इतक्या हसल्या की सर केबिनमधून बाहेर आले. दिल्लीत वाढलेल्या आम्हा मुलांची जीभ ळ म्हणायला मागे वळतच नाही. बाहेर दिवसभर हिंदी, आणि घरीही कोणी टोकत नाही. त्यानंतर बरेच दिवस काकू मला विचारायच्या, "आज काय केलंस, केळंवाली?"

शिकवायच्या मात्र मन लावून. लाइनिंगचं, म्हणजे रेघा ओढायचं मशीन काजाचं, म्हणायच्या. काजाला ढिलाई चालत नाही. सुईची उडी लांब हवी, टोला ठाम हवा, रेघ एकदाच जायला हवी. शेडिंग म्हणजे भरतकाम. तिथे उडी आखूड, सुया पसरट, आणि कातडीने जरा ढकललं तर मशीनने मागे सरायला हवं. मी आकडे वहीत लिहून घ्यायचे. त्या वही मिटायच्या. "आधी ऐक, मग हात लाव. आकडा सरांच्या मशीनचा असतो, कातडी दर माणसाची वेगळी."

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काकू माझ्यासमोर येऊन बसल्या आणि डावा हात टेबलावर ठेवला. मनगटाच्या वर हिरवट डागांची एक ओळ होती. मला ती नेहमी नक्षी वाटायची. ते नाव होतं.

लहानपणी जत्रेत त्यांच्या वडिलांनी गोंदवून घेतलं होतं. गर्दीत पोर हरवली तर कोणीतरी वाचून आणून देईल म्हणून. पुढे लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरं नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून त्या दुसऱ्या झाल्या. आई होती तोवर ती जुन्या नावाने हाक मारायची. आता यजमान रिटायर होत होते, महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. मग साताऱ्याकडे, सासरच्या गावी, कायमचं.

"तिथं हे नाव कुणाला ठाऊक नाही," काकू म्हणाल्या. "आणि आता मलाही नीट वाचता येत नाही. पार पुसायच्या आत त्यावरच नव्याने कर."

मी म्हणाले, सर करतील, ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत.

"सरांना आपली मराठी कुठली यायला? तू आपली आहेस."

मी नाव विचारलं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं. मी रात्रभर जागून ते सुंदर वळणदार अक्षरात काढलं आणि सकाळी त्यांच्यापुढे ठेवलं. काकूंनी चष्मा नाकावर ओढून कागद पाहिला.

"वाच बरं."

मी वाचलं.

"ही मी नव्हे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या नावात मधोमध ळ होता. मी ल ऐकला होता आणि ल काढला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी कागद बाजूला सारला, माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. "आधी ऐक." त्यांनी नाव म्हटलं. मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. जीभ टाळूला लागून मागे वळेना. चौथ्यांदा कसं कोण जाणे, ळ आला.

"ओ," काकू म्हणाल्या.

आईनंतर त्या हाकेला त्यांनी ओ दिली असेल ती बहुधा तेव्हाच.

मग मी नवं चित्र काढलं, हातमोजे घातले आणि माझं आवडतं लाइनिंगचं मशीन उचललं. काकूंनी मानेनेच नाही म्हटलं. इतकी लांब उडी रबराला ठीक आहे, त्या म्हणाल्या, ही जुन्या लुगड्यासारखी कातडी आहे, टराटरा फाटेल. त्यांनी बॉबिनच्या डब्यातून एक पायरी आखूड चकती काढून बसवली. टोला ठामच ठेवला, करंट जरा उतरवला, मशीन कानाला लावलं. "पोट भरलंय. सुई लाव."

ळला दोन वळसे असतात, आणि दोन्हींत सुईला उलटं फिरावं लागतं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मशीनचा आवाज जड झाला की म्हणायच्या, "दाबतेस." पातळ झाला की, "घाबरलीस." शेवटच्या वळशात काहीच बोलल्या नाहीत. सर येऊन दारात उभे होते. थोडं शेडिंगही करून दे, छान उठून दिसेल, असं त्यांनी सुचवलं. काकू म्हणाल्या, "नहीं साब. नाम को छाया किसलिए."

रेघ पहिल्या अक्षरात किंचित हलली आहे. ळ मात्र अगदी जमला.

त्या गावी गेल्याला आता बराच काळ झाला. मी गिऱ्हाइकांचं काम करते, दोघांना शिकवतेही. बॉबिनचा डबा माझ्याकडे आहे. सकाळी मशीन कानाला लावते. काय म्हणतंय ते मला कळतं, पण ते सांगायला बाजूला कोणी नसतं.

मागच्या आठवड्यात न राहवून गावी फोन लावला. फोन त्यांच्या सासूबाई उचलतात आणि स्पीकरवर ठेवतात, हे काकूंनी सांगून ठेवलं होतं. कोण पाहिजे, म्हणाल्या. सासरचं नाव मला माहीत होतं. तोंडून निघालं ते जुनंच.

"कोण?"

मागे शिवणाचं मशीन चालू होतं. एकसारखं, पोट भरलेलं. मी मोठ्याने पुन्हा नाव घेतलं, जीभ नीट मागे वळवून.

"अशी कोणी नाही इथं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पण त्याच्या आधी मागचं मशीन थांबलं होतं.