पानवेलीतलं पांढरं पाणी

त्या शेडमधला लसणासारखा वास मी आजही विसरलेलो नाही. मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो, नाक मात्र अजून ड्यूटीवरच आहे. प्रकरण आमच्या वसई-विरारकडचं. नावं कोणाचीच घेत नाही.

नंदाखालजवळ केळी पिकवायची एक शेड होती. एका सकाळी तिथे भडका उडाला आणि चहा ठेवायला गेलेली कामगार बाई भाजली. मालकाने जबाब दिला, "हिचा नवरा माझ्याकडेच हमाल आहे. पिऊन आला आणि स्टोव्हसाठीच्या स्पिरिटची बाटली कार्बाइडच्या खड्यांवर सांडली. त्यातून पेटणारा गॅस झाला." कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. पण हे म्हणे वेल्डिंगसाठी ठेवलेलं!

हमालाला ठाण्यात आणलं. मी काही विचारायच्या आधीच तो रडायला लागला. "माझ्याच हातून झालं, साहेब. टाका मला आत."

"बाटली सांडलेली आठवते?"

"नाय आठवत. शेठ बोलला, तूच सांडलीस. मंग सांडलीच असेल."

ठाणे अंमलदार खूश. त्याने अटकेचे कागद पुढे ओढले. मला मात्र अशी फुकटात मिळालेली कबुली पचत नाही, म्हणून त्याला थांबवलं. तेवढ्यात शेजारच्या वाडीतली एक म्हातारी तणतणत आत आली.

"माझ्या पानवेलीत पांढरं पानी सोडलंय! लिवून घ्या पयलं!"

"आजी, इथे बाई भाजलीय. तुमची पानं नंतर बघू," अंमलदार वैतागला.

मी आजींना खुर्ची दिली. कोणी सोडलं, कधी सोडलं, सगळं विचारलं. "भडका झाला ना, त्याच्यामागून लगेच. शेठनंच पिंप उलटा केला. मी बघितला."

तडक शेडवर गेलो. पिंप धुऊन ठेवलेलं, पण पानवेलीच्या पाटात चुन्यासारखा गाळ साचला होता आणि तोच लसणाचा वास येत होता. पंचनामा केला, नमुने सीलबंद केले.

माझं रसायनशास्त्र दहावीलाच संपलेलं. म्हणून ओळखीच्या एका प्राध्यापकांना ठाण्यात बोलावलं. त्यांनी आवारात, उघड्यावर, दोन ग्लास मांडले. पाण्यात टाकलेला खडा फसफसला आणि पाणी पांढरं झालं. स्पिरिटमधल्या खड्याने चार बुडबुडे सोडले आणि गप्प बसला.

"स्पिरिटमध्ये थोडं पाणी असतंच, तेवढं हा पिऊन टाकतो," सर म्हणाले. "अल्कोहोल कोरडं करायला ही युक्ती वापरतात. खुद्द अल्कोहोलशी मात्र साध्या तापमानाला याचं फारसं जमत नाही. त्याला कारखान्यातली बंद भांडी आणि भरपूर उष्णता लागते. एका बाटलीने शेडभर गॅस? छे! त्याला पाणीच हवं."

मालकाला बोलावून तो स्पिरिटचा ग्लास समोर ठेवला. "शेठ, सांगा याला, गॅस सोड म्हणावं."

मग मी पाटातल्या पांढऱ्या पाण्याची बाटली शेजारी ठेवली, तसा तो बोलता झाला.

"तपासणीवाले येणार असं कळलं, साहेब. घाईत खडे पाण्याच्या पिंपात टाकले आणि दार ओढून घेतलं. ही बाई स्टोव्ह पेटवेल हे डोक्यातच आलं नाही. स्पिरिट मीच मागाहून ओतलं."

पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. पण मी अहवालासाठी थांबलो नाही. हमालाला जीपमध्ये घातलं आणि थेट इस्पितळात नेलं. वॉर्डच्या दारात त्याचे पाय अडले. "तुमीच सांगा तिला. माझं नाय ऐकायची."

मी सगळं सांगितलं. बँडेजमधून तिचे फक्त डोळे दिसत होते, ते भरून आले. "याला कशाला धरलात, साहेब? काडी तर मी पेटवलेली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

दोघं नवराबायको आपापल्या जागी स्वतःला गुन्हेगार समजून बसले होते, आणि खरा गुन्हेगार पिंप धुवत होता! कबुली म्हणजे पुरावा नव्हे, हे पुस्तकात वाचलं होतं. शिकलो ते त्या वॉर्डात. त्या तपासाचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. स्टेशन डायरीत त्या दिवशीची एक नोंद माझ्या अक्षरात आहे: पानवेलीत पांढरं पाणी सोडल्याची तक्रार. ती मी अंमलदाराला लिहू दिली नाही.