चौबगला

नर्सनं नणंदेच्या दोन्ही काखांत हात घातले, "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि तीनला तिचे हात अर्ध्यातच अडले. नणंदेला उशीपर्यंत वर सरकवायचं होतं. ती मधल्यामध्ये लोंबकळली, धप्पकन खाली आली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली. खुब्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसलेली वहिनी ताडकन उठली.

"अहो, नीट धरा की! माणूस आहे ते, पोतं नाही!"

नर्स पोरगीच होती, रडवेली झाली. "सॉरी, मावशी. टॉप नवीन आलाय, ह्यात हात वरच जात नाही. बाकीच्यांनी कापून घेतलेत. माझं राहिलंय."

"काय कापून घेतलंय?"

पोरीनं बाजूनं जाणाऱ्या दुसऱ्या नर्सचा हात धरून वर केला. काखेतली शिवण चार बोटं उसवलेली होती आणि भोक दिसू नये म्हणून आतून सेफ्टी पिन लावलेली होती. मग तिसरी आली, मग चौथी. सगळ्या काखा उसवलेल्या. ज्या कात्रीनं बँडेज कापायचं, त्याच कात्रीनं वॉर्डभरच्या बायकांनी आपापला युनिफॉर्म कापला होता.

वहिनीनं पोरीच्या कॉलरमागे बोट घालून लेबल उलटं करून पाहिलं. तशी गरज नव्हती. तो गळा, ती खांद्याची शिवण तिनं डोळे मिटूनही ओळखली असती. लेबल त्यांच्याच कंपनीचं होतं.

नणंद कळ ओसरेपर्यंत डोळे मिटून पडली होती. छत्तीस वर्षं नर्स म्हणून घासलेली बाई. तिला काही सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "चौबगला कुठं गेला गं?"

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तेच विचारून येते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

चौबगला म्हणजे काखेत बसवायचा चौकोनी तुकडा. तळहाताएवढं कापड, त्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण त्या तळहाताएवढ्या कापडावर आज चारशे माणसांचं घर चालत होतं, आणि ते कापड पहिल्यांदा वहिनीनं बसवलं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, दोन खोल्यांच्या घरात, पायमशीनवर. नणंद ड्यूटीवरून यायची ती खांदे चोळतच. युनिफॉर्म कडक, पेशंट उचलायला हात वर केला की झगा बरगड्यांपर्यंत चढायचा आणि काख करकचायची. वहिनीनं तो युनिफॉर्म तिच्या अंगावरून जवळजवळ ओरबाडून काढला, काखा उसवल्या, जुन्या चादरीचे दोन चौकोन तिरके कापून बसवले आणि म्हणाली, "आता मला उचला." ती खाटेवर आडवी झाली, नणंदेनं तिला उचललं, आणि दोघी इतक्या हसल्या की पुन्हा खाटेवर पडल्या.

पुढच्या आठवड्यात त्या वॉर्डच्या आठ नर्सांचे युनिफॉर्म घरी आले. कंपनीचा जन्म म्हणाल तर तो हाच. पण आज कंपनीच्या दारातून आत शिरलं की समोर भिंतभर फोटो लागतो. त्यात दीर पायमशीनवर हात ठेवून उभा आहे आणि खाली लिहिलंय, 'एका भावानं बहिणीच्या वेदना पाहिल्या.' भाऊ त्या वर्षी गावोगाव पाण्याचे फिल्टर विकत हिंडत होता आणि एकही खपत नव्हता. बहिणीच्या वेदना त्यानं पाहिल्या त्या दीड वर्षानं, फिल्टरचा धंदा बसल्यावर.

त्याचं श्रेय मात्र त्याला दिलंच पाहिजे, आणि वहिनी ते देत आली होती. तिला शिवता येत होतं, विकता येत नव्हतं. दीर पिशवीत तीन नमुने घालून दवाखान्यादवाखान्यांत घुसायचा, मेट्रनबाईंच्या दारात तासन्‌तास बसायचा, हाकलला तर दुसऱ्या दारानं यायचा. सहा मशीनची शेड झाली, मग दुमजली इमारत, मग ही काचेची. ऑपरेशनचे गाऊन आले, टोप्या आल्या, डॉक्टरांचे कोट आले. शेडमधल्या बायका तिला दिराचं ऐकून वहिनी म्हणायला लागल्या ते कायमचंच. काचेच्या इमारतीतला लिफ्टवालासुद्धा वहिनीच म्हणतो.

ह्या सगळ्यात वहिनीनं एकच हट्ट धरला होता. कुठलाही नवा नमुना कटिंगला जाण्याआधी घालून बघायचा, आणि घालून माणूस उचलून बघायचं. शेडच्या कोपऱ्यात त्यासाठी लोखंडी खाट होती. त्यावर झोपायला स्टोअरकीपर, कारण कारखान्यात सगळ्यांत जड तोच, आणि कामाच्या वेळात आडवं व्हायला मिळतं म्हणून तो नमुन्याची वाट बघत असे. नमुना पास झाला की वहिनी पुठ्ठ्याच्या कार्डावर लिहायची, 'घालून पाहिलं, उचलून पाहिलं', आणि खाली सही. ते कार्ड नमुन्याला टाचलेलं नसेल तर कटिंगमास्तर कात्रीला हात लावत नसे. पुढे कार्डं छापून घेतली, अक्षर मात्र तिचंच ठेवलं.

आणि आता म्हणे हात वर जात नाही! रिक्षात बसल्या बसल्या वहिनी मनातल्या मनात दिराला फाडून खात होती. माझ्या पाठीमागे केलंत. मला सल्लागार म्हणून कोपऱ्यातली खुर्ची दिलीत आणि माझ्या पाठीमागे चौबगला काढलात. दीड मिनिट वाचतं ना एका नगामागे? वाचवा! तुमच्या सख्ख्या बहिणीला पाडून वाचवा! रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. ती मनातल्या मनात बोलत नव्हती, हे तिला उतरल्यावर कळलं.

कटिंग हॉलमध्ये ती शिरली तेव्हा लांबलचक टेबलावर कापडाचे थर लावून झाले होते. निळं कापड, शंभर पदरी, वर नमुन्याच्या रेषांचा कागद. त्याच दवाखान्याच्या बाकीच्या शाखांची ऑर्डर होती, आणखी तीन हजार नर्सांची. कटिंगमास्तर मशीन सुरू करायच्या बेतात होता. वहिनीनं कागदावर नजर टाकली. पुढा होता, पाठ होती, बाही होती, खिसा होता. तळहाताएवढा चौकोन कुठेच नव्हता.

"बंद कर," ती म्हणाली. "आणि भाऊजींना बोलाव."

दीर आला तो फोन कानाला लावूनच. मागोमाग डिझाइनर, हातात टॅब्लेट घेतलेला गुळगुळीत तरुण. वहिनीनं त्यांना टेकूही दिलं नाही.

"लाज वाटत नाही, भाऊजी? ताई तिकडे कळवळतायत! त्या पोरीला हात वर करता येईना, ताई धाडकन पडल्या. वॉर्डातल्या सगळ्या नर्सा काखा फाडून काम करतायत. आपलं लेबल लावून! कुणाला विचारून काढला चौबगला?"

हॉलच्या पलीकडच्या टोकाला शिलाई मशीनवर बसलेल्या बायकांचे पाय थांबले. दिरानं फोन बंद केला. चढून बोलणं त्याच्या स्वभावातच नव्हतं, आणि वहिनीला त्याचीच चीड यायची.

"वहिनी, आत बसून बोलू या का?"

"इथंच बोला. ह्या सगळ्यांसमोर बोला."

दिरानं डिझाइनरकडे पाहिलं. डिझाइनरनं कपाटातून नमुना काढला आणि टेबलावर ठेवला. टॉपला कार्ड टाचलेलं होतं. घालून पाहिलं, उचलून पाहिलं. खाली सही. सही वहिनीची होती.

ती बघतच राहिली. मग तो दिवस तिच्यासमोर आला, जो तिनं आठवायचाच नाही असं ठरवलं होतं. पाच महिन्यांपूर्वी. लोखंडी खाट भंगारात गेली होती आणि तिच्या जागी पुतळ्यांची रांग आली होती. सुंदर पुतळे, पण खांद्याखाली हातच नाहीत. बाह्या टाचण्यांनी अंगालगत चिकटवलेल्या. डिझाइनरनं विचारलं होतं, अगदी अदबीनं विचारलं होतं, "वहिनी, घालून बघताय ना?" आणि तिनं म्हटलं होतं, "पोरा, चोवीस वर्षं झाली. मला आता डोळ्यांनीच कळतं."

डोळ्यांनी कळतं! खरं एवढंच होतं की तिचा उजवा खांदा धरला होता. हात छातीच्या वर जात नव्हता. केस विंचरायला मान खाली घालावी लागत होती. हे तिनं डॉक्टरलासुद्धा सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरला सांगितलं की घरात कळणार, घरात कळलं की कंपनीत कळणार, आणि मग ती कोपऱ्यातली खुर्चीही जाणार. त्या खुर्चीसाठी तिनं सही ठोकली होती. स्वतःच्या अक्षराखाली, धडधडीत खोटी.

"चौबगला काढायचं मीच सुचवलं, नाही म्हणत नाही," दीर म्हणाला. "वेळ वाचत होता. पण मी म्हटलं, वहिनींनी घालून बघितलं आणि नको म्हणाल्या तर नको. तुम्ही सही केलीत. मी काय समजायचं?"

तो बरोबर बोलत होता, आणि त्यामुळे तिला आणखीच संताप आला. एखाद्या वेळी तरी ह्या माणसानं सरळसरळ चूक असावं!

"झोपा," ती म्हणाली.

"काय?"

"टेबलावर झोपा, भाऊजी. खाट तुम्ही भंगारात घातलीत, आता टेबलावर झोपा."

चारशे माणसांचा मालक निळ्या कापडाच्या थरांवर बूट घालून आडवा झाला. कुणी हसलं नाही. वहिनीनं नमुन्याचं कार्ड उपटलं, टॉप साडीवरून चढवायला घेतला. डावा हात गेला. उजवा बाहीच्या तोंडाशी येऊन थांबला. तिनं दात खाल्ले, पुन्हा ढकलला, आणि तोंडातून कण्हणं बाहेर पडलंच. आता सगळ्यांनी बघितलं होतं.

"हा खांदा गेलाय," ती म्हणाली, आणि बारीक आवाजात नाही, शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू जाईल अशा. "सहा महिने झाले. मी घातलं नाही, उचललं नाही. न बघता सही केली. ऐकलंत सगळ्यांनी?"

बाहीच्या लाइनीवरची एक दणकट बाई उठून पुढे आली. तिनं वहिनीच्या गळ्यातून टॉप अलगद काढला, स्वतः घातला, आणि दिराच्या काखांत हात घातले. "साहेब, अंग सोडा." एक, दोन, तीन. टॉप बरगड्यांवर चढला, साहेब वीतभर उचलला गेला, काखेतली शिवण टर्रकन फाटली आणि साहेबांचं डोकं टेबलावर आपटलं.

"मी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं," ती बाई म्हणाली. "बाही जोडतानाच कळतं. ते म्हणाले, वहिनींची सही आहे."

दीर डोकं चोळत उठून बसला. त्यानं फाटलेल्या काखेकडे पाहिलं. मग त्यानं डिझाइनरला विचारलं, "चौबगला घालून परत मांडायला किती दिवस?"

"आठ."

"घे. हे थर उचला. ऑर्डर उशिरा जाईल, मी बोलतो त्यांच्याशी." टेबलावरून उतरत तो म्हणाला, "वॉर्डात जे गेले ते मात्र गेले, वहिनी. ते परत मागवता येणार नाहीत."

"जे गेले ते गेले?"

"मग काय करू?"

तिनं कार्डावरची आपली सही पेनानं खोडली, इतकी की पुठ्ठा फाटला, आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा बाहीवाल्या बाईच्या हातात दिला. "आजपासून सही तुझी. घातल्याशिवाय केलीस तर मी येऊन बोटं मोडीन." मग कटिंगमास्तरकडून निळ्या कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे चौकोन कापून घेतले, पिशवी भरून, आणि रिक्षा केली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवलेला तिचा शिवायचा चष्मा तिथंच राहिला, तो तिनं परत जाऊन आणला नाही.

वॉर्डात तिनं पडदा ओढून घेतला आणि त्या पोरीला म्हणाली, "काढ टॉप. वरून चादर घे. पाव तासात देते." मांडीवर घेऊन शिवायला खांदा लागत नाही. काख उसवली, चौकोन तिरका धरला, दोरा ओढला. चष्म्याशिवाय सुईत दोरा पोरीलाच ओवून द्यावा लागला.

नणंद पडल्या पडल्या सगळं बघत होती. "काय म्हणाला माझा भाऊ?"

"पुढचे थांबवलेत. हे गेले ते गेले म्हणतो."

"आणि सही कुणाची होती?"

वहिनीची सुई थांबली. इतकी वर्षं ह्या बाईपासून तिनं काही लपवलं नव्हतं, आणि लपवलं असतं तरी ते टिकलं नसतं.

"माझी."

पडद्याच्या फटीतून दिसणारी वॉर्डातली ये-जा नणंदेनं बघून घेतली. एक नर्स, दुसरी, तिसरी, पाण्याचे ग्लास नेणारी चौथी. एकूण एक काखेत सेफ्टी पिन होती.

"ह्या मजल्यावर बावीस आहेत," ती म्हणाली. "वर अजून तीन मजले. शिव."