मुठीतली नळी

वसुधाला शेवटचं भेटले तेव्हा ती उशांना टेकून खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत होती. मला पाहताच नवऱ्याला म्हणाली, "अहो, फ्रीजच्या दारातली ती नळी आणा ना." श्रीपादरावांनी आणून दिली. करंगळीएवढी, घट्ट बंद केलेली काचेची नळी, आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. तिने ती मुठीत धरली. बराच वेळ धरली. काहीच झालं नाही. "माझे हात गारच पडलेत गं नीलू. तू धर बघू." मी धरली, आणि आत हळूहळू दुधासारखं पांढरं उमलत गेलं. "बघ, आहे अजून जिवंत," म्हणून ती हसली. त्याच आठवड्यात ती गेली. तो गारवा माझ्या तळव्याला अजून जाणवतो...

आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत संशोधन करायचो. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, जो तो सॉफ्टवेअरकडे धावत होता. मीही पुढे हिंजवडीला गेलेच. वसुधा मात्र जिवाणूंकडून एक प्रथिन करून घेत बसली होती. आपली त्वचा, रक्तवाहिन्या ज्याच्यामुळे लवचिक राहतात, त्या प्रथिनाच्या घडणीवर बेतलेलं. गारव्यात त्याच्या लांबच लांब साखळ्या पाण्यात सुट्या तरंगतात. ऊब लागली की एकमेकींजवळ येतात, गोळा होतात. गार करा, पुन्हा मोकळ्या. "कुणी ढकलत नाही गं त्यांना, आपल्या आपण येतात," ती म्हणायची. दुपारच्या चहाला तिचं स्वप्न रंगायचं... हे गार पाणी दुखऱ्या जागी टोचायचं, ते अंगाच्या उबेने तिथेच जमून बसेल आणि त्यात मिसळलेलं औषध सावकाश सोडत राहील. "आधी नळीत तरी येऊ दे," मी म्हणायचे. मला कुठे एवढा धीर!

ते आलं, आणि तिनेच ते ओतून टाकलं. मे महिना होता, वीज गेलेली, फ्रीज बंद. नळ्या बघते तर सगळ्या गढूळ. शिष्यवृत्ती संपत आलेली, त्यात हे; घाबरून उबेची गोष्ट तिला आठवलीच नाही. "नासलं गं सगळं," म्हणत तिने एकेक नळी बेसिनमध्ये रिकामी केली. शेवटची मात्र तिच्याच्याने ओतवेना. ती बर्फाच्या डब्यात खुपसून रडत बसली. डोळे पुसून बघते तर नळी स्वच्छ! नासलं नव्हतंच, उकाड्याने गोळा झालं होतं, म्हणजे जमलं होतं. बेसिनकडे बघून ती रडायची आणि नळीकडे बघून हसायची. मला तर काय करावं कळेना.

त्या एका नळीवर सगळं पुन्हा उभं राहिलं. तिचं औषध बाजारात कधी आलं नाही. पुढे ती कॉलेजात शिकवू लागली. पण नियम कायमचा झाला: गढूळ दिसलं म्हणून टाकायचं नाही, आधी गार करून बघायचं. तो घरीही चालायचा. श्रीपादराव चिडले की म्हणायची, "राहू दे, निवळतील." "मी काय ताक आहे?" ते अस्सल पुणेरी सुरात विचारायचे.

गेल्या गुरुवारी त्यांचा फोन आला. वसुधा गेल्यापासून हा माणूस रडला नव्हता. घर मात्र झपाटल्यासारखं आवरत सुटला होता; त्या भरात तिचा नियमही विसरला. "नीलाताई, फ्रीज पुसायला काढला होता. तिची नळी सकाळपासून या उकाड्यात ओट्यावरच राहिली. पार पांढरी झालीय. नासली असणार, टाकतोय."

"अहो, टाकू नका! मी येतेय!" मी ओरडलेच. रिक्षा पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. तिची तेवढी एकच तर उरली होती.

वाटीत बर्फ घेऊन नळी त्यात ठेवली. दोघं स्टुलांवर बसून बघत राहिलो. खरं सांगते, मला धास्ती होती. इतक्या वर्षांनी या खेपेला खरंच नासलं असेल तर... मग तो पांढरेपणा विरत गेला, आणि नळीतून पलीकडचा मिसळणाचा डबा दिसू लागला.

"आता मुठीत धरा," मी म्हटलं.

"पुन्हा पांढरी होईल."

"होऊ दे की."

त्यांनी धरली. मूठ उघडली तेव्हा आत सगळं पांढरंशुभ्र गोळा झालं होतं. "तिच्या हातात झालं नव्हतं हो हे..." एवढंच म्हणाले, आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडले. मी चहा टाकला. नळी पुन्हा फ्रीजच्या दारात आहे, लिंबांशेजारी.