गुरुनाथांच्या नावाची मेणबत्ती

२०१० च्या एप्रिलमध्ये मिरजेला विद्याचे वडील गेले, तेव्हा आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आयर्लंडमधली विमानं बंद होती. तिथल्या लेटरकेनी गावच्या हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर असलेल्या विद्याला घरी जाताच आलं नाही. भावाने सगळं उरकलं. विमानं सुरू झाल्यावर आई फोनवर म्हणाली, "आता धावपळ करून काय करणार? दिवाळीत ये निवांत." विद्या ड्यूटीवर जात राहिली. कुणी विचारलं की तिथल्यासारखं "आय ॲम ग्रँड", म्हणजे मी ठीक आहे, म्हणायची. ते खोटंही नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं.

मे महिन्यात वॉर्डातली नर्स स्नेझाना सुट्टीला मॅसिडोनियात आपल्या गावी निघाली आणि विद्यालाही चल म्हणाली. नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून विद्या गेली.

गाव नॅशनल पार्कातल्या डोंगरात होतं. वरच्या अंगाला स्नेझानाच्या घरासारखी ख्रिश्चन घरं, खाली मुसलमानांची. त्यात काही मॅसिडोनियन बोलणारे, काही अल्बेनियन. चर्च आणि मशीद एकाच उतारावर. स्नेझाना हौसेने दाखवत होती. विद्या मान डोलवत होती.

शनिवारी गावात मृतांच्या स्मरणाचा दिवस होता. स्नेझानाची आई शिजवलेले गोड गहू घेऊन कबरींकडे निघाली. तिचे गुडघे धरलेले, म्हणून खालच्या घरांतली अल्बेनियन लिरिये टोपली घेऊन बरोबर चढली. दर वर्षी तीच चढायची.

नवऱ्याच्या कबरीपाशी मेणबत्त्या लावता लावता म्हातारीने काही विचारलं.

"तुझं कुणी गेलंय का, विचारतेय," स्नेझाना म्हणाली.

"वडील. मागच्या महिन्यात."

स्नेझाना तिच्याकडे बघतच राहिली. हॉस्पिटलात हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारीने कबरीपुढच्या वाळूत आणखी एक मेणबत्ती रोवली आणि नाव विचारलं.

"गुरुनाथ."

"गुर्नात," म्हातारी म्हणाली. लिरियेने तिला थांबवून हळू म्हणून दाखवलं, "गु-रु-नाथ." दोघी दोनतीनदा घोकत राहिल्या. म्हातारीने विद्याच्या हातावर गहू ठेवले. तिने ते खाल्ले. जरा कच्चट होते. वारा गार होता. रडू येईल म्हणून ती वाट पाहत उभी राहिली. आलं नाही.

परतल्यावर तिने आईला फोन करून हे सांगितलं.

"मग रडलीस का?"

"नाही."

आई म्हणाली, "मीसुद्धा नाही अजून."

दोघी फोन धरून बसून राहिल्या.